मांसातील सोरा

मांस टिकवण्यासाठी मिठाबरोबर वापरले जाणारे नायट्रेट व नायट्राइट क्षार. त्यांपैकी पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा. हा शब्द फार्सी ‘शोरा’वरून आला. संस्कृतातील ‘सोरक’ उत्तरकालीन असून तो फार्सीवरूनच घडवला असावा. जुन्या वैद्यकग्रंथांतील ‘यवक्षार’ म्हणजे सोरा, असे काही अभ्यासक मानतात; परंतु यवक्षार जवाची झाडे जाळून त्यांच्या राखेतून काढीत. म्हणून तो मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मांसात सोरा प्रथम बहुधा अशुद्ध मिठातूनच आला. खारवणीत जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात, हे पोलेन्स्के या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९१ मध्ये दाखवले. नायट्राइटपासून निघणारा नायट्रिक ऑक्साइड स्नायूंतील मायोग्लोबिनमधल्या लोहाला चिकटतो. म्हणून साधे मटण शिजल्यावर तपकिरी होते, तर हॅम-सलामी शिजूनही गुलाबी राहते. नायट्राइटमुळे बॉटुलिझम या घातक अन्नविषबाधेच्या जिवाणूंना आळा बसतो, हा त्याचा खरा उपयोग. मात्र त्यापासून नायट्रोसामाइने ही कर्करोगकारक संयुगेही बनू शकतात. प्रक्रिया केलेल्या मांसाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कर्ककारकांच्या पहिल्या गटात घातले.

मराठवाड्यातील दलित वस्त्यांतल्या चान्यांना, म्हणजे वाळवलेल्या मांसाला, सोरा लागत नाही. मांसाच्या लांब पट्ट्या कापून त्या वलणीवर कडक उन्हात वाळवतात. त्या काळपट व काडीसारख्या कडक होतात. मग निखाऱ्यावर भाजतात किंवा शिजवतात. येथे राखण करते ते ऊन: पाणीच उरले नाही, तर जिवाणू वाढणार कसे? २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आल्यापासून चान्यांसाठीचे मोठ्या जनावरांचे मांस म्हशी-रेड्यांपुरते उरले. चान्यांची नोंद पाककृतींच्या पुस्तकांत फारशी झाली नाही, ही मोठी उणीव आहे.

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर येथे गोठवलेली सॉसेज पाकिटात मिळतात. घटकांत ‘प्रिझर्वेटिव्ह (२५०)’ असे छापले, तरी नियम पाळला जातो. कारण ‘प्रिझर्वेटिव्ह’ या वर्गनामासोबत रसायनाचे नाव किंवा क्रमांक, यांपैकी एक पुरते. २४९ व २५० म्हणजे नायट्राइट, २५१ व २५२ म्हणजे नायट्रेट. सोरा तो २५२. मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असावा लागतो, मराठीची सक्ती नाही. ती असायला हवी. तपकिरी त्रिकोण पदार्थ मांसाहारी आहे एवढेच सांगतो. अमेरिकेत ‘अनक्युअर्ड’, म्हणजे असे क्षार न घातलेले, म्हणून विकल्या जाणाऱ्या मांसात बहुधा सेलरी या भाजीची पूड असते, आणि तिच्यातून येणारे नायट्राइट रासायनिकदृष्ट्या तेच असते. आपल्याकडे पाव किलोच्या पाकिटावर २५० हा आकडा दोनदा येतो: एकदा वजन म्हणून ठळक, एकदा कंसात बारीक.