मिनिमलिस्ट वेबपानांची वाचनीयता

एक-दोन रंग, एखादाच फॉन्ट, भरपूर मोकळी जागा आणि मोजका मजकूर असलेल्या वेबपानाला मिनिमलिस्ट म्हणतात. चौकटी, चित्रे, रंगीत पट्टे गेले की वाचकाला वाट दाखवण्याचे काम अक्षरांचा आकार, ओळीची लांबी, ओळींमधले अंतर आणि रंगांचा कॉन्ट्रास्ट यांनाच करावे लागते. त्यामुळे यातली छोटी चूकही झाकली जात नाही.

सर्वांत जास्त आढळणारा दोष म्हणजे पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरे. डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या मार्गदर्शक नियमांनुसार ‘एए’ या मधल्या पातळीसाठी साध्या मजकुराचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांचा ३:१. पांढऱ्या पार्श्वभूमीवर ९९९९९९ या रंग-कोडचा राखाडी जेमतेम २.८५:१ भरतो, ७६७६७६ कसाबसा पास होतो. चांगल्या मॉनिटरवर नाजूक दिसणारा हा मजकूर उन्हात धरलेल्या मोबाइलवर पुसट होतो. त्यात फॉन्ट ‘लाइट’ वजनाचा, म्हणजे बारीक रेषांचा असेल, तर कमी पिक्सेल-घनतेच्या पडद्यावर रेषा तुटक दिसतात.

रुंद पडद्यावर अडचण वेगळी. मजकुराला कमाल रुंदी नसेल तर ओळ लांबत जाते आणि परत फिरणारी नजर पुढची ओळ चुकते. लॅटिन लिपीसाठी ४५ ते ७५ अक्षरांची ओळ सोयीची मानतात. ती वेबपानाच्या मांडणीतल्या ‘सीएच’ या एककात बांधता येते, पण हे एकक शून्याच्या आकड्याच्या रुंदीवर ठरते. म्हणून देवनागरीसाठी प्रत्यक्ष मजकूर टाकूनच रुंदी ठरवावी.

देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात, म्हणून अक्षर-आकाराच्या १.२ पट ओळ-उंची दाटीची वाटते, १.६ ते १.८ बरी. अक्षरांमधले अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते.

मोबाइलसाठी व्ह्यूपोर्ट मेटा टॅग, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीनुसार मांडायला ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ, अत्यावश्यक आहे. तो नसल्यास बरेच ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद धरून मांडतात आणि आक्रसून दाखवतात. त्याच टॅगमध्ये झूम बंद करणे हा कमी दिसणाऱ्या वाचकावर अन्यायच. मूळ मजकूर १६ पिक्सेलपेक्षा लहान नसावा, आणि आकार ‘रेम’ या पानाच्या मूळ अक्षर-आकारावर ठरणाऱ्या एककात द्यावा, म्हणजे वाचकाने ब्राउझरमध्ये निवडलेला अक्षर-आकार पाळला जातो.

तपासणीसाठी १२८० पिक्सेल रुंद खिडकीत पान ४०० टक्के मोठे करावे. मांडणीला ३२० पिक्सेल उरतात. आडवे सरकवावे लागले, तर बहुधा पिक्सेलमध्ये ठोकलेली रुंदी किंवा न मोडणारा लांब शब्द कारणीभूत असतो. वर चिकटून राहणारी पट्टी याच वेळी अर्धा पडदा व्यापते, तेव्हा लहान पडद्यावर ती न चिकटता पानाबरोबर सरकू द्यावी.