मौत का कुवाँ आणि कोस्टरचा लूप: न पडण्याची दोन कारणं

"मामा, बघा की, मौत का कुवाँच हा!" भाच्यानं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. एका फॅमिली पार्कात लूप, म्हणजे माणसांना उलटं करणारा उभा वळसा, घेणारा नवा रोलर कोस्टर येतोय, त्याची जाहिरात. आम्हा बेळगावकरांना सहल दोन्हीकडं सारखीच सोयीची किंवा गैरसोयीची: हायवे धरून पुण्याच्या अंगाला गेलं की खोपोलीचं इमॅजिका, बेंगळूरच्या अंगाला बिडदीचं वंडरला. त्यामुळं सुटी जवळ आली की असल्या चर्चा घरोघरी. पण भाच्याचं म्हणणं चूक होतं, आणि ही चूक मोठी माणसंही करतात. "स्पीडमुळं चिकटून राहतात," एवढं म्हटलं की दोन्हींचा उलगडा झाला, असं वाटतं. कुव्यात खरंच चिकटून राहतात. लूपमध्ये नाही.

आधी कुवाँ. जत्रेत पाहिलेलाच असेल: उभ्या फळ्यांची विहीर, वरच्या कठड्याला टेकलेली माणसं, दहाची नोट पुढं केलेला एखादा हात आणि ती अलगद खेचून नेणारा मोटारसायकलवाला. गाडी जवळून गेली की पायाखालच्या फळ्या खडखडतात. इथं गाडी आडव्या वर्तुळात फिरते. भिंत तिला विहिरीच्या मध्याकडं रेटते, म्हणजे आडवी. वजन मात्र खाली ओढतं. आडवा रेटा खाली जाणाऱ्या वजनाला थेट कसा अडवणार? अडवतं ते टायर आणि फळीचं घर्षण.

घरी करून बघा. वही भिंतीला तळहातानं दाबून धरा. जोरात दाबली तर राहते, हात सैल केला की घसरते. वेगाचं काम त्या तळहाताचं. समजा चाकाच्या वाटेची त्रिज्या पाच मीटर आणि घर्षणाचा गुणांक (पकड किती घट्ट, ते सांगणारा आकडा) ०.६, तर ताशी साधारण ३३ किलोमीटरच्या खाली गाडी टिकणार नाही. टायर गुळगुळीत झाला किंवा फळ्यांवर ओल आली, की हा आकडा वर चढतो. म्हणून फळ्या ओल्या असल्या की खेळ करण्यात शहाणपण नाही.

लूपची गोष्ट उलटी. तिथं चाकांचं घर्षण जितकं कमी तितकं बरं. कोस्टरला स्वतःचं इंजिन नसतं. साखळी त्याला चढावर नेऊन सोडते, पुढचा सगळा खेळ उंचीचा. लूपच्या माथ्यावर माणूस उलटा असतो तेव्हा मध्य कुठं? खाली. म्हणजे वजन ओढतंय त्याच दिशेला गाडीला वळायचं असतं. कुव्यात जे वजन खाली घसरवायला बघतं, तेच इथं वळवायच्या कामाला लागतं. दुधाची किटली डोक्यावरून गरकन फिरवली तर दूध सांडत नाही, त्याचं कारण हेच. माथ्याची त्रिज्या सहा मीटर धरली तर ताशी साधारण २८ किलोमीटरच्या वर वेग असला की बसलेल्याला बैठक खालून नाही, वरून दाबते. वेग कमी पडला तरी पट्टे धरून ठेवतात, आणि रुळाला वर, खाली, बाजूनं अशी तीन बाजूंनी चाकं असल्यानं डबा सुटत नाही. कुव्यात असली सोय नाही. थ्रॉटल सोडला की खाली.

मला यातला सर्वांत गमतीचा भाग वाटतो तो लूपच्या आकाराचा. आपण कागदावर लूप काढतो तो पुरीसारखा गोल. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर 'फ्लिप फ्लॅप' नावाचा कोस्टर आला, त्याचा लूप तसाच गोल, व्यास २५ फूट. बसणाऱ्यांच्या मानेला असे हिसके बसायचे की लोकांना बसण्यापेक्षा बघण्यात जास्त रस. कारण सरळ आहे: माथ्यावर जेमतेम पुरेल एवढा वेग ठेवायचा म्हटलं तरी गोल लूपच्या तळाशी अंगावर वजनाच्या सहापट दाब येतो. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅजिक माउंटन पार्कातल्या 'रिव्होल्यूशन'साठी जर्मन अभियंता वर्नर स्टेंगल यानं लूप थेंबासारखा केला. तळाशी वळण मोठं, माथ्याशी छोटं. वेग जिथं जास्त, तिथं वळण सैल. माथ्यावर वेग कमी, म्हणून वळण आवळलेलं. आजचे लूप त्याच घडणीचे. इमॅजिकाच्या 'नायट्रो'त तर माणूस एका फेरीत पाच वेळा उलटा होतो.

धाडसाचं म्हणाल तर कुव्यातला गडी वरचढ, हे माझं मत. कोस्टरमध्ये बसणाऱ्याला आरडाओरडा सोडला तर काही करायचं नसतं. इथं मात्र पोटासाठी रोज फळीवर चढायचं, तेही हात सोडून.

भाच्याला हे सगळं सांगत होतो. त्याला किटलीचा भाग तेवढा पटला. अंगणात किटलीत पाणी भरून फिरवायला लागला.

"काय करूलालास बे?"

"लूप!" तो म्हणाला, आणि माझ्याकडं बघायच्या नादात नेमका माथ्यावर हात थांबला.