हिमालयात खालचं वर कसं आलं?

सह्याद्रीत हिंडणाऱ्याच्या अंगवळणी खडकांचा एक सोपा हिशेब पडलेला असतो. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे बसलेत. पायथ्याचा आधीचा, माथ्याचा नंतरचा. हाच हिशेब मनात धरून हरिद्वारहून बद्रीनाथच्या वाटेला लागलात, तर तो सुरुवातीलाच चुकतो.

हरिद्वारचे डोंगर शिवालिक रांगेतले. वाळूचे खडक आणि त्यांत रुतलेले गोल गोटे. हिमालयाचीच झीज नद्यांनी पायथ्याशी आणून टाकली, तिचे हे खडक झाले. वय फार तर दीड-दोन कोटी वर्षं. ऋषिकेशच्या आसपास ‘मुख्य सीमा भ्रंश’ (भ्रंश म्हणजे जिच्यावरून खडक सरकलेत अशी मोठी भेग) ओलांडला की पाटीचा दगड, क्वार्टझाइट, डोलोमाइट सुरू होतात. हे ५० कोटींपासून १०० कोटींहूनही जास्त वर्षांपूर्वीचे. म्हणजे म्हातारे खडक तरण्या खडकांवर चढून बसलेत! भारताचा भूभाग उत्तरेकडे आशियाखाली घुसताना त्याच्या वरच्या कवचाचे मोठमोठे तुकडे सुटले आणि कौलांसारखे एकमेकांवर सरकले. आजही ही रेटारेटी चालू आहे. वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर आकुंचन एकटा हिमालय सोसतो. भूकंप होतात ते त्यामुळेच.

पण खरा नवलाचा भाग पुढे, जोशीमठच्या अलीकडे हेलंगला. इथून ‘मुख्य मध्य भ्रंश’ जातो. ऑगुस्तो गान्सर आणि आर्नोल्ड हाइम या स्विस भूवैज्ञानिकांनी १९३६च्या मोहिमेत हिमालयातली ही मोठी सीमा ओळखली. एकच ठसठशीत रेघ मात्र शोधू नका. कित्येक किलोमीटर रुंदीचा हा चिरडलेल्या, ताणलेल्या खडकांचा पट्टा आहे.

या पट्ट्यात चढत जाताना खडक नीट न्याहाळावेत. आधी काळ्या अभ्रकाचे चकचकीत पापुद्रे दिसतात. मग गार्नेट या खनिजाचे लालसर दाणे, ज्वारीएवढे. आणखी वर कायनाइट या खनिजाची निळसर, चपटी पाती. कायनाइट व्हायला मोठा दाब लागतो. जोशीमठच्या वरचे हे नाईस (उष्णता आणि दाबाने बदललेले, पट्टेदार) खडक एके काळी २५-३० किलोमीटर खोल, ६०० अंशांहून जास्त तापमानात भाजून निघालेत. म्हणजे जितकं वर जावं तितका खडक अधिक तापलेला! जमिनीखाली नेमकं याच्या उलट असतं. ही उलटापालट नक्की कशी झाली, यावर तज्ज्ञांचं अजूनही एकमत नाही. मला हिमालयातला सगळ्यांत सुंदर प्रश्न हाच वाटतो. गार्नेटचा एकेक दाणा कापून, त्याच्या गाभ्यापासून कडेपर्यंत बदलणारं रसायन मोजून अभ्यासक त्या खडकाचा प्रवास मांडतात. शिखरांपेक्षा मला त्या दाण्यांचंच अप्रूप जास्त.

बद्रीनाथच्या भागात फिकट ग्रॅनाइट भेटतो, टूर्मलीन या खनिजाच्या काळ्या काड्या मिरवणारा. तोच खोलातला खडक अंशतः वितळून सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वी तो तयार झाला.

त्याहून उत्तरेला, तिबेटच्या बाजूला, पुन्हा सगळं बदलतं. भारत आणि आशियाच्या मधे एके काळी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाचे चुनखडक आणि शेल (चिखलाचे झालेले खडक) लागतात, त्यांत शंख-शिंपल्यांचे जीवाश्म. एव्हरेस्टचा माथाही अशाच सागरी चुनखडकाचा आहे. हे थर भाजलेल्या नाईसवर आहेत, पण त्या दोहोंमधला भ्रंश निराळ्या जातीचा: इथे वरचा भाग नाईसवर चढला नाही, तर उत्तरेकडे खाली घसरला. खालच्या बाजूने मुख्य मध्य भ्रंशाने नाईस वर रेटला, त्याच सुमारास वरचं ओझं मागे सरकलं, आणि झिजेने उरलेला पडदा काढला. म्हणून तो खोलातला खडक आज बद्रीनाथच्या वाटेवर हाताला लागतो.