कोंडीमुक्ती प्रकल्प, मुंबई महानगर प्रदेश : निधी आणि अग्रक्रम

रस्त्यांवरची वाहतूककोंडी फोडण्यासाठी उड्डाणपूल, जोडरस्ते, मुक्तमार्ग, सागरी सेतू आणि बोगदे बांधले जातात. त्यांच्यासाठी पैसा कुठून येतो आणि त्यांपैकी आधी कोणता हाती घ्यायचा हे कसे ठरते, याचा विचार या नोंदीत मुंबई महानगर प्रदेशापुरता केला आहे. कागदोपत्री क्रम असा : आधी वाहतुकीचा अभ्यास, मग प्रकल्पांची यादी, मग निधी. गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहिला तर गाडी बहुतेक वेळा उलट्या दिशेने चाललेली दिसते. ज्या प्रकारचा पैसा हाताशी आला, त्या पैशाला मानवणारा प्रकल्प यादीत वर सरकला.

कोणता रस्ता कोणाचा

मुंबई महानगर प्रदेशात मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत. त्यांच्या डोक्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे एमएमआरडीए. त्याची स्थापना २६ जानेवारी १९७५ रोजी झाली. बाजूला महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ (स्थापना १९९६), सार्वजनिक बांधकाम विभाग, नवी मुंबई वसवणारे सिडको आणि राष्ट्रीय महामार्गांपुरते केंद्राचे प्राधिकरण. कल्याणहून फोर्टात येणारा माणूस एका सकाळीत यांतल्या तीन-चार यंत्रणांच्या डांबरावरून जातो आणि खड्डा कोणाचा हे त्याला कधीच कळत नाही. मालकी बदलतेही. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग आधी बांधकाम विभागाचे होते, मग ते एमएमआरडीएकडे गेले आणि २०२२ मध्ये मुंबई महापालिकेकडे आले. ठाणे-बोरिवली बोगदाही मुळात रस्ते विकास महामंडळाच्या यादीत होता. २०२१ मध्ये तो एमएमआरडीएला देण्यात आला. या हस्तांतरांमागे 'सध्या कोणाची तिजोरी सोसू शकते' हा हिशेब असतोच.

टोलचा पैसा

१९९५ ते १९९९ या युती सरकारच्या काळात नितीन गडकरी सार्वजनिक बांधकाम मंत्री होते. सरकारी तिजोरीत पैसा नाही, तर महामंडळ काढायचे, त्याने बाजारातून कर्ज उभारायचे आणि टोलमधून फेडायचे, हा मार्ग तेव्हा रूढ झाला. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आणि मुंबईतली पंचावन्न उड्डाणपुलांची योजना या पद्धतीतून आली.

द्रुतगती महामार्गावर टोल बसवणे सोपे होते. शहरातल्या उड्डाणपुलाचे काय? अंधेरीच्या किंवा सायनच्या पुलावर नाका उभारला तर कोंडी फोडण्यासाठी बांधलेल्या पुलावरच कोंडी व्हायची. म्हणून नाके शहराच्या वेशीवर गेले : दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. परिणामी पुलांचा खर्च मुख्यतः वेस ओलांडणाऱ्यांकडून, म्हणजे ठाणे, नवी मुंबई, वसई आणि कल्याणकडच्या लोकांकडून वसूल होऊ लागला. वांद्र्यातून पार्ल्याला रोज पुलावरून जाणाऱ्याला एक पैसा पडत नव्हता. या न्यायाची चर्चा टोलविरोधी आंदोलनांत झाली, पण ती बहुधा 'वसुली पूर्ण झाली की नाही' या प्रश्नावर अडकली. भार कोणावर टाकला, हा मूळ मुद्दा मागे पडला.

२०१० मध्ये या पाच नाक्यांचे २०२६ पर्यंतचे वसुलीहक्क २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन एका कंत्राटदाराला देण्यात आले. पुढच्या सोळा वर्षांचे उत्पन्न आजच मोडून खाण्याचा हा प्रकार वित्तीय भाषेत रोखीकरण म्हणून ओळखला जातो. त्याची किंमत पुढे दिसली. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, मंत्रिमंडळाने हलक्या वाहनांना मध्यरात्रीपासून टोलमाफी दिली. तोवर मोटारीला एका फेरीस ४५ रुपये पडत. करार चालू असल्यामुळे कंत्राटदाराची भरपाई सरकारवर आली. एकदा विकलेले उत्पन्न सोडून द्यायलाही पैसे लागतात.

कर्जाऊ पैसा आणि त्याच्या अटी

जागतिक बँकेने २००२ मध्ये मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाला कर्ज दिले. त्यात रेल्वेची कामे होती आणि दोन रस्ते : जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता. या शहराचे जुने दुखणे असे की महामार्ग, लोकलचे रूळ, कचेरीला जाणारी गर्दी, सगळे उत्तर-दक्षिण धावते. पूर्व-पश्चिम जाणारे रस्ते अपुरे. त्यामुळे हे दोन रस्ते निवडण्यात अभ्यासाचा आधार खरोखर भक्कम होता.

पण बँकेच्या पैशाला पुनर्वसनाची अट चिकटलेली असते. रस्त्याच्या आड येणाऱ्या कुर्ल्यातल्या दुकानदारांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने दोष दाखवले आणि मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते व पुनर्वसनाच्या घटकांचे पैसे रोखले. सुमारे चार महिन्यांनी ते पुन्हा सुरू झाले. सुमारे साडेसहा किलोमीटरचा सांताक्रूझ-चेंबूर रस्ता अखेर एप्रिल २०१४ मध्ये खुला झाला. तोवर बँकेचा प्रकल्प संपलाही होता. दिरंगाईचे खापर पुनर्वसनाच्या अटींवर फोडण्याची सवय आहे. मात्र त्या अटी नसत्या तर विस्थापितांची दखल किती घेतली गेली असती, हेही विचारायला हवे.

केंद्राच्या पैशाचा स्वभाव निराळा. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाले. चाळीस लाखांवर वस्ती असलेल्या शहरांसाठी त्यात केंद्र ३५, राज्य १५ आणि स्थानिक संस्था ५० टक्के अशी वाटणी होती. अशा वेळी कागदावर तयार असलेला प्रकल्प बाजी मारतो. पूर्व मुक्तमार्गाची (ईस्टर्न फ्रीवेची) कल्पना अमेरिकी सल्लागार विल्बर स्मिथ यांच्या १९६० च्या दशकातल्या अहवालात होती. अभियानाचा निधी आला आणि ती फाइल झटकून वर काढली गेली. जवळपास १७ किलोमीटरचा हा रस्ता जून २०१३ आणि जून २०१४ अशा दोन टप्प्यांत खुला झाला. पन्नास वर्षे जुनी कल्पना आणि सात-आठ वर्षे जुना निधी, असा हा जोड.

सागरी सेतूचे, म्हणजे आजच्या अटल सेतूचे, उदाहरण याहून बोलके आहे. शिवडी-न्हावा शेवा पूल खासगी भागीदारीतून बांधण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षे चालले. २०१३ मध्ये पाच कंपन्या पात्र ठरवल्या गेल्या होत्या. निविदा मात्र एकीनेही भरली नाही. पुलावर पुरेशी वाहने येतील यावर बाजाराचा विश्वास नव्हता, असाच त्याचा अर्थ. मग जपानच्या जायका या संस्थेचे स्वस्त, दीर्घ मुदतीचे कर्ज मिळाले, एमएमआरडीएने काम हाती घेतले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी सुमारे २२ किलोमीटरच्या सेतूचे उद्घाटन झाले. मोटारीचा एकेरी टोल २५० रुपये ठरला. वाहनांची गर्दी जिथे आहे तिथून नाही, तर जिथे यावी असे वाटते तिथे जाणारा हा प्रकल्प आहे; कोंडीमुक्तीपेक्षा पलीकडची जमीन उघडण्याची योजना म्हणून त्याच्याकडे पाहणे अधिक प्रामाणिक ठरेल.

जमिनीचा पैसा

एमएमआरडीएची खरी दौलत वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. १९७७ मध्ये प्राधिकरणाला तिथले विशेष नियोजन अधिकार मिळाले. मिठी नदीकाठची दलदल भरून भूखंड पाडले गेले आणि ते दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने, अधिमूल्य (एकरकमी मोबदला) घेऊन दिले गेले. या अधिमूल्यावर प्राधिकरणाने रस्ते बांधले आणि छोट्या पालिकांना कर्जेही दिली.

गंमत अशी की या संकुलातल्या कचेऱ्यांनीच रोजची भयंकर कोंडी निर्माण केली. मग कलानगरचे उड्डाणपूल आले, नोव्हेंबर २०१९ मध्ये चुनाभट्टीकडे जाणारा सुमारे दीड किलोमीटरचा जोडपूल आला. चटईक्षेत्र (भूखंडावर बांधता येणारे एकूण क्षेत्रफळ) विकून रस्ता, रस्त्यामुळे भाव, भावामुळे आणखी चटईक्षेत्र, आणि त्यातून पुन्हा गर्दी. भूखंड संपत आले की हे चक्र अडखळते, आणि तसेच झाले आहे. एके काळी ठेवींवर जगणारे प्राधिकरण आता कर्जावर चालते. २०२५-२६ चा त्याचा अर्थसंकल्प ४०,१८७ कोटी रुपयांचा होता.

जमिनीवरचा दुसरा हात मुद्रांक शुल्काचा. एप्रिल २०२२ पासून मुंबईत घरखरेदीच्या मुद्रांक शुल्कासोबत घराच्या किमतीच्या एक टक्का अधिभार लागतो. लोक त्याला मेट्रो सेस म्हणतात, पण तो एकूण नागरी वाहतूक प्रकल्पांसाठी आहे. मोटार न घेणाराही घर घेताना उड्डाणपुलाला हातभार लावतो. मुंबई महापालिकेचा किनारी रस्ता तर मुख्यतः पालिकेच्या स्वतःच्या पैशातून झाला. दक्षिणेकडचा साडेदहा किलोमीटरचा हा टप्पा मार्च २०२४ पासून खुला होत गेला, त्यावर टोल नाही आणि दुचाकीलाही परवानगी नाही.

यादी आणि अग्रक्रम

अभ्यास झालेच नाहीत असे नाही. एमएमआरडीएचा सर्वंकष वाहतूक अभ्यास २००८ मध्ये पुरा झाला. त्यात दिसले की वाहनाने होणाऱ्या प्रवासांपैकी सुमारे ७८ टक्के लोकल आणि बसने होतात; मोटारीचा वाटा जेमतेम पाच टक्के. निम्म्याहून अधिक फेऱ्या तर लोक पायीच करतात. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहने नव्हे तर माणसे हलवण्याला महत्त्व द्यावे असे म्हटले होते. या आकड्यांवरून अग्रक्रम लावायचा तर पदपथ आणि बससाठी राखीव मार्गिका वर यायला हव्या. त्या आल्या नाहीत. पदपथाला परदेशी कर्ज मिळत नाही, त्यावर टोल बसत नाही, त्याच्या आजूबाजूचे चटईक्षेत्र महागत नाही आणि त्याचे भूमिपूजनही फारसे शोभत नाही.

अग्रक्रम कायद्याने बांधता येतो का? अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियात, वॉशिंग्टनच्या उपनगरांत, तसा प्रयत्न झाला. तिथल्या प्रादेशिक वाहतूक प्राधिकरणाला २०१३ च्या कायद्याने ०.७ टक्के दराचा विक्रीकर मिळाला. त्यातला ७० टक्के पैसा प्रादेशिक प्रकल्पांना आणि ३० टक्के स्थानिक संस्थांना. अट अशी की खर्चाच्या मानाने कोंडी सर्वाधिक कमी करणाऱ्या प्रकल्पाला प्राधान्य द्यायचे. त्याच कायद्यात दुसरी अटही आहे : दीर्घ काळात प्रत्येक परगण्याला त्याने भरलेल्या कराच्या प्रमाणात लाभ मिळावा. म्हणजे गणिताच्या शेजारी वाटणीही बसवलेली आहे. आपल्याकडे ही वाटणी होतेच, पण ती लेखी नसते. ठाण्याला काय मिळाले, वसईला काय, हे बैठकीत ठरते आणि कोणत्या प्रकल्पाला किती गुण मिळाले याचा तक्ता जनतेसमोर येत नाही.

कोंडीचे स्थलांतर

मोकळा झालेला रस्ता नवी वाहने ओढतो. वाहतूक अभियांत्रिकीत याला प्रेरित मागणी म्हणतात. मुंबईत त्यासोबत कोंडीचे स्थलांतर हा प्रकारही नेहमीचा : पुलावर सुटलेली गाडी पुलाच्या पायथ्याशी अडकते. पूर्व मुक्तमार्गाने घाटकोपरहून आलेला माणूस दक्षिण टोकाला, ऑरेंज गेटपाशी, पुन्हा सिग्नलच्या रांगेत उभा राहतो. त्यावर उपाय म्हणून ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह असा सुमारे नऊ किलोमीटरचा मार्ग एमएमआरडीएने हाती घेतला आहे. त्याचा मोठा भाग जमिनीखालून जातो. घोडबंदर रस्त्याच्या कोंडीसाठी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे भूमिपूजन जुलै २०२४ मध्ये झाले. ११.८ किलोमीटरच्या या कामाचा अंदाजित खर्च तेव्हा १६,६०० कोटी रुपये होता. ऑरेंज गेटचा बोगदा दुसऱ्या टोकाला मरीन ड्राइव्हवर उघडतो, आणि किनारी रस्त्यावरून येणारी वाहनेही तिथेच उतरतात.