जंतूंचा संवाद तोडला तरी ते सरावतात

नागपुरात मेडिकल चौकातल्या टपरीवर फार्मसीच्या पोरांकडून एक दावा हमखास ऐकू येतो: समुद्री बुरशीतली काही द्रव्यं जंतूंना मारत नाहीत, नुसता त्यांचा आपसातला संवाद तोडतात, म्हणून जंतू त्यांना सरावत नाहीत, म्हणजे रेझिस्टन्स येऊच शकत नाही.

पहिला भाग खरा आहे. जंतू बारीक रेणू बाहेर सोडतात. गर्दी वाढली की रेणू साचतात, आणि ठरावीक पातळी गाठली की सगळे मिळून विष किंवा चिकट थर बनवू लागतात. समुद्री ॲस्परजिलस बुरशीत सापडणारं कोजिक आम्ल हे संकेत बिघडवतं. (गोरेपणाच्या क्रीममध्ये असतं तेच!) जंतू मरत नाहीत, मग बदलण्याची गरज काय, असा तर्क.

पण पोट भरणंच संवादावर अवलंबून असेल तर? २०१२ साली स्यूडोमोनास या जंतूला अशाच, संवाद असला तरच पचणाऱ्या अन्नावर वाढवलं, तेव्हा फ्युरॅनोन हे संवादरोधक रसायन पेशीबाहेर फेकणारे जंतू निघाले. ‘येऊच शकत नाही’ तिथेच संपलं. ‘कदाचित उशिरा येईल’ म्हणा, चालेल. आणि प्रयोगशाळेतल्या या द्रव्यांच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स अर्धवट सोडू नका.