सहावा एस आणि गाळ्याबाहेरचा पॅसेज: फाइव्ह एसची मुंबईतली पार्श्वभूमी

लीनचं, म्हणजे वाया जाणारं काम, माल आणि वेळ कमी करायच्या पद्धतीचं, कुठलंही ट्रेनिंग घ्या, दुपारच्या चहापर्यंत एक प्रश्न येतोच, सेफ्टीचा वेगळा सहावा एस पाहिजे का पाच पुरे. ट्रेनर बहुतेक दोन मिनिटात उत्तर देऊन पुढे जातात. साकीनाका, कुर्ला, भांडुप, वागळे इस्टेट या पट्ट्यात ज्यांनी गाळ्यात काम केलंय त्यांना माहितीय की हा दोन मिनिटाचा प्रश्न नाही, त्याच्यामागे बराच इतिहास आहे. पाच एस म्हणजे जपानी कारखान्यांतून आलेली कामाच्या जागेची शिस्त, नको ते काढा, लागतं ते जागेवर लावा, स्वच्छ ठेवा, पद्धत ठरवा आणि ती टिकवा, तो बोर्ड न बघितलेला माणूस एमआयडीसीत सापडणं कठीण.

मुंबईत काम लवकर आणि स्वस्तात कसं होईल हा विचार एका वाटेनं आला आणि माणसाचा हात कसा वाचेल हा विचार दुसऱ्याच वाटेनं. दुसरी वाट कायद्याची. 1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्यात लहान मुलांचे तास आणि मशीनभोवती कुंपण एवढंच होतं आणि तोही 100 किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांपुरता. 1948 च्या कायद्यात मात्र बघा, कचरा रोज काढायचा, कामाच्या खोलीची फरशी आठवड्यातून निदान एकदा धुवायची, जिने, पॅसेज, गँगवे मोकळे ठेवायचे, हे सगळं लिहिलेलं होतं. म्हणजे जपानी बोर्ड भिंतीवर लागायच्या कितीतरी आधीपासून यातलं बरंच काही आपल्याकडे बंधनकारक होतं, फक्त ते फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हणून करायचं काम होतं, प्रॉडक्शनशी त्याचा संबंध कोणी जोडला नव्हता.

पहिली वाट मालकाची, आणि गिरणगावात तिची आठवण काही चांगली नाही. 1928 साली काही गिरण्यांनी कार्यक्षमता वाढवायची म्हणून विणकराला दोन मागांऐवजी तीन माग आणि कताईत मशीनच्या एका बाजूऐवजी दोन बाजू सांभाळायला लावायचं ठरवलं. कामगारांचं म्हणणं होतं की सूत हलकं, कापूस हलका, धागा सारखा तुटतोय, अशात माग वाढवले तर माणूस नुसता धावत राहणार आणि वर काही लोकांची नोकरी जाणार ती वेगळीच. एप्रिल ते ऑक्टोबर असा सहा महिने संप चालला, दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते, शेवटी चौकशी समिती नेमून मिटला. आज कन्सल्टंट मंडळी आपले कामगार बदलाला विरोध करतात असं पटकन म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. कार्यक्षमता म्हणजे तेवढ्याच माणसाकडून जास्त मशीन ओढून घेणं असा अनुभव या शहरानं घेतलेला आहे, तो घराघरात सांगितला गेलाय.

जपानचा भाग सगळ्यांनी वाचलेला असतो म्हणून थोडक्यात. युद्धानंतर तिथल्या कार कारखान्यांत ही शिस्त घडत गेली, एका मोठ्या कंपनीत तर बरीच वर्षं चारच एस धरायचे, पाचवा त्यात आला तो शिस्तीचा. म्हणजे पाच हा आकडा काही दगडावर कोरलेला नव्हता, हे सहाव्याला विरोध करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. लीन हे नाव 1988 साली अमेरिकेतल्या एका लेखात आलं. आपल्याकडे 1983 च्या सुमाराला गुडगावला जपानी भागीदारीतली छोटी कार निघाली आणि तिच्या सप्लायरांमार्फत हे सगळं हळूहळू पसरलं.

मुंबईत त्याच वेळी उलटं चालू होतं. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून बसल्या आणि उपनगरांत गाळ्यांची दुनिया वाढत गेली, प्रेस शॉप, टर्निंग, प्लेटिंग, प्लॅस्टिक मोल्डिंग, पॅकिंग, जे म्हणाल ते. गिरणीला स्वतःचं आवार होतं, रुंद खाती होती, गोदाम वेगळं. गाळ्याला चार भिंती, एक शटर आणि वर घातलेला माळा. फाइव्ह एस आला तो या गाळ्यांत, आणि तो स्वतःहून आला नाही. 1991 नंतर मोठ्या गाडीवाल्या कंपन्यांनी सप्लायरांकडे क्वालिटी स्टँडर्डचं सर्टिफिकेट मागायला सुरुवात केली, आधी आयएसओ 9000, मग क्यूएस 9000, मग टीएस 16949. त्या शेवटच्या स्टँडर्डमध्ये आवार नीटनेटकं, स्वच्छ आणि दुरुस्त ठेवा असं कलम होतं, पण ते कशाच्या मापानं, तर प्रॉडक्ट आणि प्रोसेसच्या गरजेनुसार. माणसाच्या सुरक्षेचा उल्लेख शेजारीच होता, पण ऑडिटर बघायचा फरशीवर पिवळी पट्टी आहे का, पान्यांचा शॅडो बोर्ड, म्हणजे प्रत्येक पान्याचा आकार रंगवलेला बोर्ड, आहे का, रेड टॅगचं, म्हणजे नको त्या मालाला लावायच्या लाल चिठ्ठीचं, रजिस्टर भरलंय का. गिऱ्हाईक येणार म्हटलं की आदल्या रात्री पट्ट्या मारायच्या, हे ज्यांनी केलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

आता सहाव्या एसचा वाद. पाचवाल्यांचं म्हणणं असं की जागा नीट लावली, तेल सांडलेलं पुसलं, वाट मोकळी ठेवली की सेफ्टी आपोआप येते, वेगळा कॉलम केला की ती कुणा एका सेफ्टीवाल्याची जबाबदारी होते आणि बाकीचे हात झटकतात. हा मुद्दा हलका नाही. आपल्याकडे तसं झालेलंच आहे, 1948 च्या कायद्यानं हजार किंवा जास्त कामगार असले की सेफ्टी ऑफिसर लागायचा आणि मग बऱ्याच ठिकाणी सेफ्टी त्याच्या टेबलापाशी थांबायची, 4 मार्चला सुरक्षा दिनाचे बॅज लावायचे, शपथ घ्यायची, पोस्टर स्पर्धा करायची.

तरी मी सहाव्याच्या बाजूचा आहे. कारण पाच एस वस्तूला दोनच प्रश्न विचारतात, लागते का आणि जागेवर आहे का. थिनरचा डबा लागतो, त्याच्या नावाची चौकट फरशीवर रंगवलेली आहे, डबा त्या चौकटीत आहे, पूर्ण मार्क. शेजारी दोन हातांवर ग्राइंडर आहे, तोही लागतो, तोही त्याच्या चौकटीत, पूर्ण मार्क. दोघं एकमेकांच्या शेजारी काय करतायत हे विचारणारा रकाना ऑडिटच्या शीटमध्ये नाही. मुंबईला तर हे कळायला हवं, 14 एप्रिल 1944 ला गोदीत जे जहाज उडालं त्यात स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या, आधी आग लागली मग स्फोट झाले, म्हणून तर दरवर्षी त्या तारखेपासून अग्निशमन सप्ताह असतो.

आणि दुसरं कारण जागेचं, जे जपानी पुस्तकात सापडणार नाही. रेड टॅग लावलेला माल वेगळ्या एरियात ठेवा असं ट्रेनर सांगतो. अंधेरीच्या गाळ्यात तो एरिया आणायचा कुठून, भाडं स्क्वेअर फुटावर आहे. मग जुनी डाय, रिजेक्ट माल, रिकामी पिंपं, खोक्यांचे गठ्ठे शटरच्या बाहेर येतात, आधी पॅसेजच्या एका कडेला, मग जिन्याखाली, मग जिन्याच्या वळणावर, शेजारचा गाळाही तेच करतो आणि भंगारवाल्याला भाव पटला नाही तर महिनोन्महिने पडून राहतं. आत गाळा आरशासारखा, ऑडिटला 90 च्या वर मार्क, आणि आग लागली तर पळायची एकमेव वाट बंद. यात शेठ वाईट आहे किंवा सुपरवायझर आळशी आहे असं काही नाही, ऑडिटची हद्द शटरपर्यंत असल्यावर कचरा शटरच्या बाहेरच जाणार. माळ्याचं तसंच, नको ते वर टाकलं की खाली छान दिसतं, आणि वर कोणी झोपत असेल तर ते शीटमध्ये येतच नाही. डिसेंबर 2017 मध्ये साकीनाक्याला खैरानी रोडवर फरसाणच्या गाळ्याला पहाटे आग लागली, 12 कामगार गेले, आत झोपलेले होते.

पुढचा टप्पा सरकारी योजनांचा. 2009 च्या आसपास छोट्या उद्योगांसाठी लीनची पहिली केंद्रीय योजना आली, दहाएक युनिटांचा गट करायचा, कन्सल्टंटचा 80 टक्के खर्च सरकार देणार. गट ही कल्पना मला फार बरोबर वाटते कारण पॅसेज हा गटाचाच प्रश्न आहे, पण गट धंद्यावरून जमवले गेले, इस्टेटवरून नाही, त्यामुळे एकाच मजल्यावरचे दोन गाळे वेगळ्या गटात किंवा एक आत एक बाहेर. मार्च 2023 मध्ये योजना नव्यानं आली, बेसिक, इंटरमीजिएट, अॅडव्हान्स्ड असे तीन टप्पे, सरकारचा वाटा 90 टक्के, आणि फाइव्ह एस पहिल्याच टप्प्यात. छोट्या शेठला परवडेल अशी ही गोष्ट आहे, घ्यावीच.

पण याच काळात कायद्याची वाट अरुंद झाली. 1948 च्या मूळ कायद्यात वीज वापरणारं युनिट 10 कामगारांवर आणि विजेशिवायचं 20 वर फॅक्टरी ठरायचं, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत तेच आकडे 20 आणि 40 झाले. गाळ्यात 12-15 माणसं ही तर नेहमीची गोष्ट. म्हणजे ज्या युनिटांना लीनची योजना सगळ्यात जास्त उपयोगी तीच फॅक्टरी या व्याख्येतून बाहेर, तिथे फॅक्टरी म्हणून तपासणी होणार नाही, जाईल तो लीनचा कन्सल्टंट. म्हणून त्याच्या हातातल्या शीटमध्ये काय विचारलंय याला आता पूर्वीपेक्षा फार जास्त महत्त्व आलंय.

राज्याच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र, फॉर्म बी, वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, लायसन्सवाल्या एजन्सीकडून घ्यावं लागतं. इस्टेटच्या सोसायटीकडे ती फाइल असते आणि गाळ्याकडे फाइव्ह एसची, दोन्ही एकत्र ठेवून कोणी बघत नाही. मी बघितलेल्या शीटांत जिथे सहावा एस आहे तिथेही रकाने हेल्मेट, ग्लोव्हज, फर्स्ट एड बॉक्स, एक्स्टिंग्विशरची तारीख एवढेच आहेत. शटरपासून रस्त्यापर्यंत जिना मोकळा आहे का, आणि माळ्यावर रात्री माणूस असतो का, हे दोन रकाने आधी घाला.