कुंडीतली रास्पबेरी

रास्पबेरी (शास्त्रीय नाव रुबस आयडियस) हे गुलाबाच्या कुळातलं, मूळचं युरोप आणि आशियाच्या थंड भागातलं झुडूप. जमिनीत लावलं की मुळांवरून मुनवे फुटत फुटत ते वाफाभर पसरतं, शेजारच्या झाडांतही घुसतं, म्हणून छोट्या बागेत ते कुंडीत लावलेलं बरं, आणि तिथे माती, पाणी, निचरा सगळंच आपल्या हातात राहतं.

पण आधी या झाडाचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर बाकी सगळं नीट करूनही फळ हाती लागत नाही. मुळं वर्षानुवर्षं जगतात, पण मातीवरची प्रत्येक काडी दोनच वर्षांची. पहिल्या वर्षी ती हिरवी, कोवळी, नुसती उंच वाढते. दुसऱ्या वर्षी तपकिरी होते, साल सुटायला लागते, बाजूने छोट्या फांद्या फुटतात, त्यांना फुलं-फळं येतात आणि मग ती काडी वाळून जाते. थंड प्रदेशातल्या उन्हाळ्यात फळणाऱ्या जाती अशाच चालतात, त्यामुळे फळं संपली की तपकिरी काड्या मातीलगत कापायच्या आणि हिरवीला अजिबात हात लावायचा नाही कारण पुढच्या वर्षीचं पीक तिच्यातच असतं. बऱ्याच जणांचं इथेच चुकतं, साफसफाई म्हणून सगळंच कापतात आणि पुढचं वर्ष फुकट जातं. शरदात फळणाऱ्या जातींना मात्र पहिल्याच वर्षीच्या काडीच्या शेंड्याकडे फळ येतं, म्हणून हिवाळा संपता संपता सगळ्या काड्या सरसकट छाटल्या तरी चालतं. नवख्या माणसाने याच घ्याव्यात. अमेरिकेत १९६९ साली आलेली हेरिटेज आणि इंग्लंडमधल्या ईस्ट मॉलिंगची ऑटम ब्लिस या त्यातल्या नावाजलेल्या जाती, तर रास्पबेरी शॉर्टकेक ही बुटकी, बिनकाट्याची, दोन-तीन फुटांत आटपणारी जात खास कुंडीसाठीच विकली जाते.

कुंडी ४५ ते ६० सेंमी रुंद आणि निदान ४० सेंमी खोल हवी. बहुतेक मुळं वरच्या थरातच पसरतात, त्यामुळे उंच आणि अरुंद कुंडीचा काही उपयोग नाही. माती भुसभुशीत, थोडी आम्लधर्मी, पीएच साधारण ५.५ ते ६.५. टोमॅटो, बटाटा, वांगं लावलेली जुनी माती वापरू नका, तिच्यात व्हर्टिसिलियम मर रोगाची बुरशी असू शकते.

पाण्याचं मात्र खरंच रोज बघावं लागतं. कुंडी उन्हात भराभर तापते आणि सुकते, फळ भरत असताना एखाद दिवस कोरडी राहिली तरी फळं बारीक राहतात, आणि उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहिलं तर फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या रोगजंतूने मुळं कुजतात, मग झाड पाणी असूनही कोमेजलेलं दिसतं आणि आपण अजून पाणी घालतो. म्हणून दोन पेरं बोट मातीत खुपसून बघायचं आणि ओल नसेल तरच पाणी द्यायचं. जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने हळूहळू पीएच चढतो आणि शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं; पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. खतात नत्र बेताचं ठेवा, नाहीतर नुसता पाला माजतो, कळ्या दिसल्या की पोटॅशवर भर द्या.

ऊन सहा तास तरी हवं, उंच जातींना बांबूचा आधार. फुलं स्वफलित असतात त्यामुळे एकच झाड पुरतं, तरी मधमाश्या हव्यातच. एक रास्पबेरी म्हणजे कितीतरी छोट्या रसाळ दाण्यांचा झुबका, आणि त्यातल्या पुरेशा दाण्यांचं परागण झालं नाही की फळ हातात घेताच भुगा होऊन सुटतं.

फळ पिकलं की हलक्या ओढीनेच निघून येतं, पांढरा गाभा झाडावरच राहतो आणि फळ आतून पोकळ असतं. ओढावं लागलं तर अजून थांबा, तोडल्यावर ते पिकत नाही.

हिवाळ्यातली थंडी या झाडाला लागतेच, बऱ्याच जातींना ७ अंश सेल्सिअसखाली ८०० तास किंवा त्याहून जास्त, त्यामुळे कायम उष्ण हवेत झाड जगलं तरी फळ बेताचंच. उलट कडाक्याच्या थंडीत कुंडीतली मुळं जमिनीतल्यापेक्षा लवकर गोठतात, तेव्हा कुंड्या भिंतीलगत एकत्र ठेवून गोणपाट गुंडाळा. दोन-तीन वर्षांनी गड्डा काढून विभागायचा, बाहेरचे तजेलदार भाग नव्या मातीत लावायचे. मावा विषाणू पसरवतो, म्हणून पानांवर पिवळे ठिपके दिसत असतील आणि फळंही वर्षागणिक कमी होत असतील तर त्याच गड्ड्यातून नवी रोपं करू नका, रोगमुक्त म्हणून प्रमाणित केलेलं रोप आणा.